पुन्हा विचारा

गहू भिजत घातले आणि विमलताईंनी स्वतःलाच झापलं. "कोण खाणार आहे गं एवढ्या कुरडया? तू? या दातांनी?" पण हात काही थांबले नाहीत. चैत्र लागला की ते वाळवणाकडे वळायचेच, मग घरात माणसं दहा असोत की एक. त्यांच्या घरात आता एकच होतं.

अकोल्याच्या त्या कॉलनीत विमल गावंडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. सरकारी दवाखान्याच्या उष्माघात कक्षात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही कुणाचं पोर तापलं, कुणाची साखर उतरली, की आधी त्यांचीच कडी वाजायची. माणसं यायची, गोळी घ्यायची, जायची. टेकायच्या फक्त शेजारच्या उषाताई तायडे. एकुलती एक मुलगी मनवा लग्न होऊन कोकणात, गुहागरकडे गेलेली. सार्वमत झालं त्या वर्षापासून ती माहेरी आली नव्हती. फोनसुद्धा नाही. आणि कारण काय, तर आईनं दाबलेलं एक बटण.

सार्वमत होतं छत्राचं. उन्हाळे असे वाढत गेले होते की वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेनासं झालं. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक तोडगा काढला. खास विमानं वीसेक किलोमीटर उंच न्यायची आणि खडूच्या पुडीहून बारीक भुकटी तिथं सोडायची. तेवढ्या उंचीवर पाऊस नसतो, म्हणून ती लगेच धुऊन जात नाही. वर्ष-दीड वर्ष तरंगत राहते आणि सूर्याच्या उजेडातला शंभरावा हिस्सा आल्या वाटेनं परत पाठवते. शंभरावा हिस्सा म्हणजे अगदीच किरकोळ वाटेल, पण तेवढ्यानं पृथ्वी अंशभर निवते. आणि उष्माघात कक्षात एका अंशाचा अर्थ काय असतो, ते विमलताईंना विचारावं.

बाकीचे देश तयार होते, घोडं अडलं होतं आपल्यापाशी, कारण छत्रात एक मेख होती. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानानं थंड राहतो, आणि या फरकामुळेच पावसाचे वारे समुद्रावरून आत ओढले जातात. जमीन निवली की ती ओढ कमी होते. म्हणजे कुठंतरी पाऊस घटणार. नेमका कुठं, ते सांगायला कुणीच छातीठोकपणे पुढं येईना. सरकारनं अंग काढून घेतलं आणि प्रश्न देशाच्या गळ्यात टाकला: छत्र हवं, होय की नाही?

देश उभा चिरला गेला. ठरलेली लग्नं मोडली, वर्षानुवर्षांच्या भिशी बंद पडल्या, सख्खे भाऊ तेराव्याला एका पंगतीत बसेनात. मनवाच्या सासरचं सगळं आगर, पोफळी काय नि माड काय, डोंगरातल्या एका झऱ्यावर जगायचं. ती फोनवर म्हणाली होती, "आई, तू नाही म्हण. झरा आटला तर आम्ही संपलो."

"मनू, तुझ्या बाबांच्या काखेत मी या हातांनी बर्फ ठेवला होता."

"बाबांना मध्ये आणू नकोस."

"मग कुणाला आणू?"

प्रभाकरराव एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. एका मे महिन्यात गाड्या लावता लावता कोसळले आणि बायकोच्याच कक्षात आले. ताप उतरला नाही. नवऱ्याचा तक्ता विमलताईंना स्वतः भरावा लागला. त्या मतदानाला गेल्या आणि 'होय' दाबून आल्या, लपवलंही नाही. निकाल लागला तो केसभर फरकानं, 'होय'च्या बाजूनं. मनवाचा एकच फोन आला. "झालं तुझ्या मनासारखं?" पुढच्या उन्हाळ्यात तिला पाठवलेला कुरडयांचा डबा न उघडता परत आला. विमलताईंनी तो तसाच माळ्यावर टाकला. त्यांना फार लागलं होतं ते.

छत्र उभं राहिलं. आभाळाचा निळा रंग गेला, पातळ ताक पसरल्यासारखं ते पांढुरकं झालं, आणि संध्याकाळी क्षितिज भलतंच लाल दिसू लागलं. अकोल्यात माणसं दुपारची बाहेर पडायला लागली. उष्माघात कक्षातल्या अर्ध्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात, हे ऐकून विमलताई देवापुढं बसून ढसाढसा रडल्या होत्या. तिकडं कोकणात दुसऱ्याच वर्षी झरा आटला, तेही त्यांना कुणाकुणाकडून कळलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांना रडूही आलं नाही.

गहू वाटायच्या दिवशी सकाळी कडी वाजली. दारात मनवा. उन्हानं रापलेली, गालांची हाडं वर आलेली, पण मनवाच.

"आलीस!" विमलताईंचा आवाज चिरकला. "बाई गं, नेमकी आजच आलीस! गहू आजच वाटायला काढलेत. थांब, चप्पल काढ, हात धू, दुपारी चीक पिळू, उद्या घाटू..." बोलता बोलता त्या आत पळाल्यासुद्धा. मांडणीवरचा सोऱ्या काढला, पुसला, बारीक भोकाची चकती शोधली. चैत्रात लेक दारात उभी राहिली म्हणजे वाळवणाला आली, याशिवाय दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलंच नाही. लग्नानंतरही ती याच दिवसांत यायची. एकीनं उकळत्या पाण्यात चीक ओतायचा, दुसरीनं घाटायचा, आणि वाफेत दोघी लालबुंद व्हायच्या.

सोऱ्या घेऊन बाहेर आल्या तर मनवा उंबऱ्याबाहेरच होती. पायांत चपला तशाच. गळ्यात निळा पट्टा, त्याला बिल्ला, बिल्ल्यावर अक्षरं: पुन्हा विचारा.

"आई, मी मोहिमेतून आलेय," ती म्हणाली. "ही कॉलनी माझ्या वाट्याला आली. मी मागून घेतली नव्हती."

सोऱ्या कुठं ठेवावा तेही त्यांना सुचेना. "बरं," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

"चालत नाही. मतदाराच्या घरी काही घ्यायचं नाही, नियम आहे."

"मी मतदार?"

मनवानं मान खाली घातली, पण चप्पल काढून आत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. मग पाठ केल्यासारखं बोलू लागली. त्यातलं बरंचसं विमलताईंना टीव्हीवरून ठाऊक होतं. हरलेली बाजू रोजच म्हणणार की पुन्हा मत घ्या, म्हणून कायद्यानं अट घातली होती: जिंकलेल्यांतल्याच दहांतल्या एकानं 'पुन्हा विचारा' म्हटलं, तरच सार्वमत पुन्हा होईल. आता मत तर गुप्त, मग जिंकलेला कोण हे कळायचं कसं? त्यासाठी होती खूण. मतदानाच्या वेळी प्रत्येकाला चिंचोक्याएवढी एक चकती मिळाली होती. तिच्या पोटात मत होतं, पण गणिताच्या कुलपात. केंद्रातलं यंत्र तिला एवढंच विचारू शकायचं की आत 'होय' आहे का, आणि ती तेवढंच सांगायची. कुणाची आहे, ते नाही. 'नाही'ची खूण यंत्र परत करायचं. 'होय'ची असली की समोर दोन बटणं उजळायची, 'पुन्हा विचारा' आणि 'राहू दे'. कुठलंही दाबा, दिवा तोच, आवाज तोच, आणि खूण आतल्या आत वितळून जायची. पावती नाही.

हे मुद्दाम केलेलं होतं. पुरावा मिळाला असता तर कुणी दमदाटी करून बटण दाबायला लावलं असतं, कुणी मत विकत घेतलं असतं. पुरावाच नाही म्हटल्यावर दोघांचेही हात बांधले गेले. यंत्र करणाऱ्यांनी गुंडांचा विचार केला होता, दलालांचा केला होता. आई-लेकींचा काही त्यांच्या मनात आला नसावा.

"झालं तुझं बोलून?" विमलताई म्हणाल्या. "आता माझं ऐक. छत्र म्हणजे पॅरासिटामॉल आहे. ताप दबलाय, आजार आत वाढतोच आहे. धूर कुणी कमी केलाय? भुकटी सोडायची थांबवलीत तर वर्ष-दीड वर्षात ती खाली येईल, आणि इतक्या वर्षांचा दबलेला ताप एकदम उसळेल. हळूहळू चढला असता तो झपाट्यानं चढेल. पहिला आमचा कक्ष भरेल. त्या मोडक्या खुर्च्या काढाव्या लागतील तिथनं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, आणि तरी?"

"आई, आम्ही लगेच छत्र पाडा म्हणत नाही. विचारा म्हणतोय." मनवाचा पाठ केलेला आवाज गेला आणि घरचा आला. "तुम्ही होय म्हणालात तेव्हा कुणाचं पाणी जाणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे ना? आमचं गेलं. पोफळी उभ्या वाळल्या. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं तोडल्या, आणि तेव्हापासून ते माणसांशी बोलत नाहीत. तेव्हा होय म्हणालीस ते न बघता. आता मला समोर बघून म्हण."

विमलताईंना ते झोंबलं. झोंबलं म्हणूनच त्या कडक झाल्या. "देशानं एकदा ठरवलं की ठरवलं. दर चार वर्षांनी उठून विचारत बसलं, तर कुणी कशाचा भरवसा धरायचा?"

"तू जाणार नाहीस, हे मला येतानाच माहीत होतं," मनवा उठली. "केंद्र उद्या दुपारी बंद होतंय. मी अर्ज भरल्यासारखं विचारून घेतलं, झालं."

"जेवून तरी..."

"चालत नाही म्हटलं ना."

ती जिना उतरून गेली. पुढच्या घराची कडी तिनं वाजवली, ती आत ऐकू आली. विमलताई गहू वाटत बसल्या. अख्खं पातेलं वाटून झालं तरी त्यांचा डोळा दाराकडेच होता.

संध्याकाळी उषाताई आल्या, चीक बसलाय का ते बघायला. खरं म्हणजे बघायला भलतंच आल्या होत्या.

"पोरगी आल्ती म्हणे तुमची."

"आली होती."

"सिस्टर, तुमी नाही ना जासान तिथं?" केंद्र मारुतीच्या देवळासमोर, शाळेच्या पटांगणात होतं, कोण आत गेलं ते सगळ्या कॉलनीला दिसायचं. "आमचे हे तं म्हणतेत, जो जाईन त्याच्या घरचं पाणीबी नाही प्याचं. उन्हात गिलावा करणारा माणूस आहे तो माहा. जिता आहे तो त्या छत्रापायी."

"मला काय सांगता उषाताई? दोन वेळा मीच सलाईन लावलंय त्यांना."

"म्हणून तं म्हणते. आपलं माणूस तुमी." उषाताईंनी पातेल्यावर कापड नीट झाकलं. "सकाळी येतो मी घाटाले. एकटीचं काम नाही ते."

त्या गेल्यावर विमलताई बसून राहिल्या. उषाताईंच्या बोलण्यात खोट नव्हती. लेकीच्याही नव्हती. मग आपण कडक झालो ते कशाच्या जोरावर? कक्षात असताना मोठे डॉक्टर रोज राउंडला यायचे आणि प्रत्येक खाटेपाशी तेच विचारायचे: सिस्टर, हे औषध अजून चालू ठेवायचं का? कालच तर लिहून दिलं होतं, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. बहुतेकदा उत्तर यायचं, चालू ठेवा. पण विचारायचं राहिलं, तर ती चूक धरली जायची. विचारलं म्हणजे औषध बंद केलं, असं कुणी कधी समजलं नाही. इतकी साधी गोष्ट, उभी नोकरी केलेली, आणि लेक समोर बसलेली असताना ती आठवू नये, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. विचारलं तर आपलं उत्तर काय, तेही त्यांना स्पष्ट होतं. होयच. तरी विचारायला हवं होतं.

सकाळी त्या नेसत्या लुगड्यावर शाल घेऊन निघाल्या. देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलेली खूण मुठीत होती. रस्ता चांगला गजबजलेला. दूधवाला थांबला, ओट्यावरचे दोघं-तिघं बोलायचे थांबले. "सिस्टर, दवाखान्यात का?" एकानं विचारलं. अजून वळायला वाव देत होता बिचारा. "नाही रे," त्या म्हणाल्या आणि पटांगणात शिरल्या.

आत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. खूण खाचेत टाकली. दोन बटणं उजळली. त्यांनी 'पुन्हा विचारा' दाबलं. दिवा लागला, बारीकसा आवाज झाला, तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. एवढंच. बाहेर आल्या तेव्हा उषाताई त्यांच्या गॅलरीत उभ्या होत्या. नजरानजर झाली. उषाताई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

चीक घाटायला कुणी आलं नाही. विमलताईंनी जमेल तेवढी वाट पाहिली, मग एकटीनंच पातेलं चढवलं. एका हातानं चीक ओतायचा, दुसऱ्यानं घाटायचा, पातेलं पायानं तर धरता येत नाही. ते फिरायला लागलं, हात भाजला, आणि बघता बघता गुठळ्या धरल्या. "धरा, धरा," त्या गुठळ्यांना म्हणाल्या, "तुम्हीच तेवढ्या राहिल्या होत्या." गच्चीवर एकटीनं सोऱ्या दाबून कुरडया घातल्या. पूर्वीच्या उन्हात त्या एका दिवसात कडकडीत व्हायच्या. या पांढऱ्या उन्हात चार-चार दिवस ओलसर राहतात. विमलताई कडेला मोडक्या स्टुलावर बसून कावळे हाकलत राहिल्या. शेजारच्या गच्चीवर उषाताईंनी पापड आणले, त्यांना बघितलं आणि परत नेले.

त्यानंतर कडी वाजायची थांबली. गोळीलासुद्धा कुणी येईना. समोरचं पोर तापानं फणफणलंय हे त्यांना खिडकीतून ऐकू येत होतं, पण आई त्याला घेऊन रिक्षानं लांबच्या डॉक्टरकडे गेली. "मी 'राहू दे' दाबलं" एवढं म्हटलं असतं तर? खोटं ठरवायला पुरावा कुणाकडं होता? पण खरं ठरवायलाही नव्हता, आणि विमलताईंना तर ते म्हणवेचना. दिवसभरात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही म्हणून त्या एकदा मोठ्यानं तारीख-वार म्हणाल्या.

आठवड्यानं टीव्हीवर सांगितलं: दहांतल्या एकाचा आकडा भरला, पण अगदी जेमतेम. हिवाळ्यात सार्वमत पुन्हा होणार. छत्र राहणार की जाणार, आणि जायचंच तर एकदम की टप्प्याटप्प्यानं, असे प्रश्न. कॉलनीत सुतकी शांतता पसरली. विमलताईंनी दुपारी फोन उचलला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनवाचा नंबर लावला.

"बोल," मनवा म्हणाली.

"मी गेले होते केंद्रावर."

"कळलं. आमच्या एकीनं बघितलं तुला." तिचा आवाज कोरडा होता. "जाणाऱ्यांतले कितीतरी 'राहू दे' दाबून आले, आई. नातेवाइकांची तोंडं बंद करायला. तू काय दाबलंस ते मला काय माहीत?"

"पुन्हा विचारा, दाबलं."

"सगळे तेच सांगतात," मनवा म्हणाली. "मानायचं आहे गं मला. पण कशावरून मानू?"

विमलताईंकडे दाखवायला काहीच नव्हतं. शपथ घ्यावी असं ओठांवर आलं, पण शपथा काय, सगळेच घेतात. इथंच थांबावं, थोडी गळ घालावी, की पोर विरघळेल, तेही त्यांना कळत होतं. पोर किती दिवसांनी 'गं' म्हणाली होती. त्यांनी डोळे मिटले.

"मनू, अजून एक ऐक. हिवाळ्यात पुन्हा विचारतील तेव्हा मी होयच म्हणणार आहे. छत्र राहू द्या, असंच म्हणणार. त्या कक्षात मी माणसं मरताना बघितलीत, मला दुसरं येत नाही म्हणायला. पण तुझं पाणी गेल्यावर तुला न विचारता छत्र चालू ठेवणं बरोबर नव्हतं. म्हणून 'पुन्हा विचारा' दाबलं."

फोन कापला की काय म्हणून विमलताईंनी तो कानापासून लांब धरून पाहिला. चालू होता.

"हे मला सांगायची काय गरज होती?" मनवाचा आवाज फाटला होता. "चांगलं चाललं होतं ना? मी मानलं असतं."

"खरं आहे म्हणून सांगितलं."

मनवा हळूच म्हणाली, "म्हणजे तू खरंच दाबलंस. नुसती मला गोड लागायला खोटं बोलली असतीस, तर पुढचं बोललीच नसतीस."

"हो गं बाई. दाबलं."

"मी नाही म्हणणार आहे. हिवाळ्यात."

"म्हण."

"सगळ्यांना नाही म्हणायला लावणार आहे."

"लाव. तुझं कामच आहे ते."

मनवानं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "चीक कुणी घाटला?"

"मीच."

"एकटीनं? गुठळ्या झाल्या असतील."

"झाल्यात. तळून बघितली एक. फुलत पण नाही नीट, मध्ये कच्ची राहते."

"तरी पाठव," मनवा म्हणाली.